गजाननचा बुधवार

देवगाव फाट्याच्या पुढं एका वस्तीवर लग्न होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चालू, मी कॅमेरा घेऊन नवरीच्या बाजूला उभा, आणि खिशात फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा थरथरला. मला आतून काहीतरी जाणवलं असं लिहायला बरं वाटतं, पण खोटं कशाला बोलू, मला वाटलं डीजेवाला असेल आणि मी मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली. दोन मंगलाष्टकांच्या मधे एका हातानं फोन काढून बघितला तर गजाननच्या बायकोच्या, सुनंदावहिनीच्या भावाचा मेसेज होता. ‘दाजी गेले.’ त्या लग्नाच्या फुटेजमधे त्या ठिकाणी कॅमेरा हललेला दिसतो. मग सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि मी तिथंच अडकलो. मांडवातून पाहुणा उठून जाऊ शकतो, भटजीसुद्धा घाई करून निघू शकतो, पण कॅमेरावाला नाही. हार झाले, सप्तपदी झाली, पंगती बसल्या. नवरीचा बाप माझ्या दंडाला धरून सांगायलाय, ‘फोटोवाले, आमच्या थोरल्या आत्याचा जोडीत एक घ्या,’ आणि मी घ्यायलोय. आत्या गंभीर चेहऱ्यानं उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘आत्या, इकडं बघा, जरा हसा.’ आपला जिवाभावाचा माणूस गेलाय आणि आपण दुसऱ्याच्या आत्याला हसा म्हणतोय... त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा राग आला तेवढा आजवर कधी आला नव्हता. पाठवणी झाल्यावर गाडीला किक मारली ती थेट ताडकळसला गजाननच्या दारात येऊन थांबवली. गजाननचे वडील, आबा, सोनपेठकडं मेंढ्यांमागं होते, ते पोचायचे होते म्हणून माती थांबली होती. तेवढ्यामुळं मला तोंड बघायला मिळालं.

तो रविवारी गेला. ज्यांना गजानन माहीत नव्हता त्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण आम्हा दोन-चार माणसांना त्याच्या आठवड्याचे वार तोंडपाठ होते. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी परभणीला डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार अंथरुणावर, कारण त्या मशीनवरून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी पिळून काढलेल्या फडक्यासारखा पडून राहतो. शनिवारपासून अंगावर पाणी चढायला लागायचं, रविवारी पाय सुजलेले, दम लागलेला, उशाला तीन उशा. म्हणजे सगळ्या आठवड्यात धड असा एकच दिवस उरायचा, बुधवार. बाकीचे सहा वार आजाराचे, बुधवार त्याचा स्वतःचा. पुढं मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका वारासाठी चाललं होतं.

त्याचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की आबा आणि थोरला भाऊ मेंढ्या घेऊन गोदावरीच्या अंगाला जायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे, आज या रानात तर परवा त्या रानात, ते पावसाच्या तोंडाला माघारी. गजाननही लहानपणी त्यांच्यामागं चालला. मग परभणीला शिकायला आला, तिथं माझ्या स्टुडिओत कॅमेरा धरायला लागला आणि आमचं जमलं ते जमलंच. मी तापट माणूस, मांडवात कुणाशी तरी रोज वाजायचं, आणि हा मागून येऊन त्या माणसाला गोड बोलून निम्मं भांडण मिटवायचा. आजार निघाला तेव्हा शूटिंगची धावपळ बंद झाली. मग त्यानं घरी बसून मिक्सिंग धरलं. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या कच्च्या फुटेजची कापाकापी करून, गाणी लावून, नवरा-नवरीचे हसरे चेहरे मधेमधे पेरून जी फिल्म घरोघरी बघतात, ती बनवायची. माझी सगळी लग्नं त्याच्याकडं जायची. ‘आमच्या घरात सगळे चालणारे,’ तो म्हणायचा, ‘मी एकटाच बसनारा निघालो.’ हसत म्हणायचा, पण सारखं म्हणायचा.

पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, केळं नाही, नारळपाणी नाही. डाव्या हाताची नस जोडून मोठी केलेली, डायलिसिसच्या सुया टोचायला, म्हणून त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचंसुद्धा नाही. त्या मनगटावर बोटं ठेवली की आत सुरसुर लागायची, भरून वाहणाऱ्या पाइपाला हात लावल्यासारखी. सुरसुर थांबली म्हणजे नस बंद पडली, म्हणून दिवसातून पाच-पन्नास वेळा उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर जायची. पहिल्यांदा मला दाखवलं तेव्हा माझाच हात धरून तिथं टेकवला. ‘बघ, चालू हाय.’ मी हात झटकन मागं घेतला. मला ते सहन होईना, आणि तो माझ्या तोंडाकडं बघून खो खो हसायला लागला.

त्याचा संगणक जुना. बुधवारी सकाळी फिल्म तयार व्हायला लावली की दिवसभर ती रडतखडत चालायची, मधेच अडकायची, लाइट गेली की मुळापासून परत. समोर बसून राहावं लागायचं, नाही तर कधी बंद पडली ते कळायचं नाही. आबांच्या मेंढ्या सोनपेठकडं, घरापासून गाडीवर फार तर अर्ध्या दिवसाचं जाणं-येणं, पण आजारी पडल्यापासून तो एकदाही तिकडं गेला नव्हता. जायचा एकच वार आणि तो मशीन खायचं. मी म्हणायचो, ‘अरे, एक लग्न उशिरा दे, कोण मरतंय?’ तर म्हणायचा, ‘काम उशिरा द्यायला लागलो की मंग मी पेशंटच झालो की दत्त्या.’

अशात त्याच्या पुण्याच्या मावसभावानं एक ग्राफिक्स कार्ड पाठवलं. त्यानं गेम खेळायला घेतलं होतं, त्याला पसंत पडलं नाही. कार्ड नवं, चांगलं दांडगं, व्हिडिओच्या कामाला एक नंबर. गजाननला इतका आनंद झाला की खोक्यासकट उशाशी घेऊन झोपला. बसवलं, आणि काही फरक नाही. उलट जास्तच अडखळायला लागलं. दोन-तीन आठवडे, म्हणजे खरं तर दोन-तीन बुधवार, तो नेटवर वाचत बसला आणि मग मला फोन केला. ‘दत्त्या, कार्डात खोट न्हाई. ज्येच्यावर कार्ड बसवलंय त्या मदरबोर्डात हाय. कार्डाकडं माल लय हाय, पन आपलं जुनं बोर्ड एवढ्याशा खिडकीतून त्याच्याकडून माल घ्यायलंय, रेशनच्या दुकानावानी. नव्या बोर्डात दार उघडायची सोय असती. आपल्याला कंपनीनं दिलीच न्हाई.’ मी म्हणालो, ‘मग नवं बोर्ड घे.’ ‘नवं बोर्ड घेतलं की प्रोसेसर नवा, रॅम नवी, सगळंच नवं. त्यापरीस ह्येलाच दार पाडतो.’

दार पाडतो म्हणजे काय, तर बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. संगणक चालू केला की सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. कंपनीनं तो एकदा भरून दिला की आपण त्यात हात घालायचा नसतो. पण जगात कुठं कुठं गजाननसारखे नादखुळे बसलेत, त्यांनी असा एक तुकडा लिहून ठेवलाय की तो त्या प्रोग्रॅममधे नेमक्या जागी घातला तर जुनं बोर्डही कार्डाला पुरं दार उघडतं. हा त्या मंडळींना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचा. एकानं उत्तर दिलं होतं, तुझं बोर्ड चालेल बहुतेक, पण भरताना लाइट जाऊ देऊ नकोस, गेली तर बोर्ड मेलं म्हणून समज. ते वाचून मला हसू आलं. म्हणालो, ‘त्याला सांग, आमी ताडकळसात ऱ्हातो.’

लाइटीचीच खरी अडचण होती. घरचा इन्व्हर्टर पंख्याला आणि दोन बल्बला पुरायचा, नव्या कार्डासकट मशीन लावलं की चीं करून बसायचा. ताडकळसची लाइन कधी जाईल याची शाश्वती नाही. मग त्यानं जी शक्कल काढली ती फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला सुचू शकते. त्याच्या गल्लीत एका मुलीचं लग्न होतं, नेमकं बुधवारी, दुपारचा मुहूर्त, शूटिंगला मीच. लग्नात काहीही बंद पडलं तरी मुहूर्ताच्या वेळी जनरेटर बंद पडत नसतो, कारण माइक बंद पडला तर मंगलाष्टका कोण ऐकणार आणि अक्षता कधी टाकायच्या ते कुणाला कळणार? गजानन म्हणाला, ‘मुहूर्ताच्या टायमाला आख्ख्या परभणी जिल्ह्यात मांडवाइतकी पक्की लाइट कुटंच नसती.’ मी मांडवातून एक वायर ओढून त्याच्या खिडकीतून आत दिली. जनरेटरवाल्या बापूला त्यानं स्वतः जाऊन, खुर्चीवर बसून, हात जोडून सांगितलं, ‘बापू, अक्षता पडेपर्यंत जनरेटर बंद करायचं न्हाई. जगबुडी झाली तरी न्हाई.’ बापूनं गळ्याची शपथ घेतली.

मुहूर्त लागला. मी मांडवात, गजानन घरात, मधे फक्त एक भिंत. ठरल्याप्रमाणं अंतरपाट धरला की तो चिपमधे नवा प्रोग्रॅम भरायला घेणार होता. पहिली मंगलाष्टका, दुसरी... आणि मांडवातले दिवे डोळा मिटून उघडावा तसे एकदा लुकलुकले. माइकनं खट् केलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, भटजींनी पुढची ओळ उचलली, वऱ्हाड हातात अक्षता धरून नवरीकडं बघत होतं. मी गजाननच्या भिंतीकडं बघितलं. मी तिथून हलू शकत नव्हतो. काय झालं होतं, तर मधेच सरकारी लाइट आली होती, आणि बापूनं डिझेल वाचवायला मांडवाचा सगळा भार जनरेटरवरून काढून लाइनवर टाकला होता. खटका इकडून तिकडं न्यायला लागतो तेवढाच काय तो खंड. नंतर मी त्याच्या अंगावर धावून गेलो तर तो जनरेटरकडं बोट दाखवून मलाच विचारतो, ‘अवो, बंद कुटं केलंय? बगा की, चालूच हाय त्ये!’ आणि खरंच, बिचारा शपथेला जागला होता, जनरेटर रिकामंच धडधडत होतं. मी त्याला काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

घरात गेलो तर गजानन काळ्या पडद्यासमोर बसलेला. बटण दाबायचा, पंखे फिरायचे, बाकी काही नाही. जुना प्रोग्रॅम पुसला गेलेला, नवा अर्धाच भरलेला. बाहेर बँडवाले सुरू झाले होते. मला वाटलं हा रडेल, निदान चिडेल. तो म्हणाला, ‘जेवलास का?’ सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या, त्या मात्र फणकाऱ्यानं म्हणाल्या, ‘आता बसा तोंडाकडं बघत एकमेकांच्या. व्हतं त्येबी गेलं.’ आणि आत निघून गेल्या. आत गेल्यावर रडल्या, ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. काम बंद. आता बुधवार मोकळाच होता म्हणाल, तर तो आबांकडं का गेला नाही? मीही हेच विचारलं, गाडी घेऊन दारात उभा राहिलो. तो म्हणाला, ‘आसं हात हालवत जाऊन काय सांगू आबाला? मशीन मारून आलो म्हनू?’ खाटेवर बसून राहायचा, भिंतीकडं तोंड करून. परभणीची जीप, डायलिसिसचा बिछाना, परत जीप, परत खाट. ओठ कोरडे पडायचे म्हणून ओलं फडकं चोखायचा. मी गेलो की बोलायचा नाही, माझ्याकडं बोलायला दुसरं काही नसायचं, आणि त्या खोलीत माझाच जीव गुदमरायला लागायचा. मी दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो. बाहेर पडायला मला निमित्त तरी होतं...

मग कुरिअरनं एक डबी आली. आत एक छोटं यंत्र आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी क्लिप. ही क्लिप त्या चिपच्या आठ पायांवर बसवायची, दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला जोडायचं आणि बोर्डाला न विचारता सरळ चिपमधेच लिहायचं. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळं ना जनरेटर, ना बापू. हे आधी का नाही मागवलं म्हणून मी ओरडलो, तर म्हणतो, ‘आदी गरज कुटं व्हती? आदी बोर्ड जिवंत व्हतं.’ अडचण एकच होती. क्लिप सारखी निसटायची आणि त्याच्या बोटांना आजारानं मुंग्या यायच्या, पकड राहायची नाही. म्हणून क्लिप मी धरली. आयुष्यात मी लग्नाच्या गर्दीत, टेबलावर चढून, एका पायावर उभं राहून कॅमेरा स्थिर धरलाय, पण त्या दिवशी चिमूटभर चिपवर क्लिप धरताना मला घाम फुटला. ‘हलू नको.’ ‘हलत न्हाई.’ ‘श्वास घ्यायलास तू.’ ‘मग काय मरू का?’ ‘जरा येळ मर की.’ लॅपटॉपनं चिपमधलं दोनदा वाचून बघितलं, दोन्ही वेळचं जुळेना. क्लिप काढली, त्यानं चिपचे पाय जुन्या टूथब्रशनं घासले, परत लावली. या वेळी जुळलं. मग त्यानं तो दार पाडलेला प्रोग्रॅम भरला, भरलेला तपासला, क्लिप काढली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं हातानं गप्प केलं. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर गेली होती. तो पडद्याकडं बघतही नव्हता, मान खाली घालून स्वतःच्या नसेतली सुरसुर बघत बसला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग पडदा उजळला. आत जाऊन त्यानं एक-दोन सेटिंगं बदलली, परत चालू केलं, परत तोच लांबलचक काळोख, परत उजेड. आणि कार्डाच्या प्रोग्रॅममधे जिथं आजवर बंद लिहून येत होतं तिथं चालू आलं. ‘वहिनी!’ म्हणून मी असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. वहिनी पिठाचे हात घेऊन पळत आल्या, त्यांना वाटलं ह्यांनाच काही झालं. गजानन त्यांना म्हणाला, ‘सुनंदा, बुधवार सुटला बग.’

तेव्हापासून ते मशीन चालू होताना नेहमीच तसा वेळ घ्यायचं, काळा पडदा ठेवून. नव्या प्रोग्रॅमचा तेवढा एक गुण म्हणा की अवगुण. आणि तेवढ्या वेळात ह्याची बोटं मनगटावर. मशीन तयार होईपर्यंत नसेची तपासणी उरकून घ्यायचा आणि पडदा उजळला की स्वतःशीच म्हणायचा, ‘चालू हाय.’ मशीन की हात, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काम खरंच भराभर व्हायला लागलं. सकाळी लावलेली फिल्म दुपारच्या जेवणाला तयार. आता तो दर बुधवारी आबांकडं जाईल असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. झालं भलतंच. लग्नसराई भरात आली, आणि गजाननभाऊ एका दिवसात मिक्सिंग देतात ही खबर पूर्णेपासून परभणीपर्यंत पसरली. लोक यायला लागले, फोन करायला लागले, आणि हा नाही म्हणेना. बुधवारी दुपारी एक फिल्म संपली की दुसरी लावायचा. मी भांडलो. ‘अरे गाढवा, एवढी मरमर कशासाठी केलीस?’ तर खाली बघून म्हणाला, ‘लय दिसांनी कुनीतरी माज्याकडं कामासाठी यायलंय दत्त्या. तब्येत इचारायला न्हाई, कामासाठी.’ मला राग आला होता तो तसाच राहिला. ज्या दारासाठी एवढा आटापिटा केला होता, त्या दारातून बाहेर पडायच्या ऐवजी त्यानं सगळा गाव आत घेतला होता.

यातून सोडवलं ते वहिनींनी. एका बुधवारी सकाळी गजानन मशीनपाशी येऊन बसला तर मशीनची वायर गायब. लाइटच्या बोर्डापासून मशीनपर्यंतची, ती जाड काळी. सगळं घर पालथं घातलं. मला फोन आला, ‘तू नेलास का?’ मी गेलो तर वहिनी चुलीपाशी बसून शांतपणानं भाकरी थापायलेल्या. ‘वायर ज्वारीच्या कोठीत हाय,’ त्या म्हणाल्या, ‘पार तळाला. काढायची असंल तर दोन पोती ज्वारी उपसा. न्हाईतर ह्या भाकरी घ्या आन् आबाकडं जाऊन या.’ गजानन कोठीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि एकदम हसायला लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. ‘चल गा,’ म्हणाला, ‘बाईनं फ्यूजच काढला.’

थंडीचे दिवस होते. गाडीवर माझ्या मागं बसून तो सोनपेठच्या अंगाला आला, डावा हात छातीशी धरून, उजव्या हातानं माझा शर्ट पकडून. मेंढ्या एका कापूस निघालेल्या रानात बसलेल्या. आबांनी लांबूनच ओळखलं पण जागचे उठले नाहीत. जवळ गेल्यावर पोराकडं खालून वर बघितलं आणि म्हणाले, ‘वाळलास.’ गजानन बांधावर बसला. मग त्यानं आबांना सगळं सांगितलं, चिप, क्लिप, बापूचा जनरेटर, दार. सांगताना असा फुलला होता की मी मधे बोललो नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘समदं मोकळं केलास म्हन्तोस, मंग इतके दिस कुटं व्हतास?’ गजानन बांधावरचं ढेकूळ फोडत राहिला. आबांनी उठून शेळीचं दूध काढून आणलं. ते त्याला चालत नव्हतं. त्यानं दोन घोट घेतले, तोंडात घोळवून घोळवून, आणि तांब्या माझ्याकडं दिला. मग मेंढ्या उठल्या तसा तोही उठला आणि त्यांच्यामागं चालायला लागला. पुढच्या बांधापर्यंत गेला. तिथं गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, धाप लागलेली, पायात कापसाच्या पऱ्हाट्या टोचायलेल्या, आणि माझ्याकडं वळून असा हसला की मला कॅमेरा घरी राहिल्याचं फार वाईट वाटलं. निघताना आबांना म्हणाला, ‘पुढच्या बुधवारी मुक्कामाला येतो. गुरुवारी सकाळी हितूनच परभणीला जातो.’ आबा म्हणाले, ‘तुजी वाकळ घिऊन ये. रानात गार लय पडायलंय.’

घरी येऊन त्यानं वहिनींकडून वाकळ मागून घेतली, त्याच्या आईच्या हातची, जुन्या लुगड्यांची. घडी करून खाटेच्या पायथ्याला ठेवली. पुढच्या बुधवारी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या बुधवारी हाताला सूज, नस तपासायला परभणीला जावं लागलं. मग एकदा मला वेळ नव्हता, एकदा जीप नव्हती, आणि मग तो बुधवारही मंगळवारसारखाच जायला लागला. आठवड्यातला तेवढा एक वारसुद्धा आजारानं घेतला. मशीन पळायचं, तयार फिल्म दुपारी पडद्यावर उभी असायची आणि हा खाटेवरून तिच्याकडं बघायचा. वाकळ पायथ्याला तशीच होती. मी एकदा म्हणालो, ठेवू का पेटीत? तर म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे. जायचंय.’

माती झाल्यावर दिवस झाले, पाहुणे पांगले, आबा परत मेंढ्यांकडं गेले. जाताना सुनेला एवढंच म्हणाले, ‘येत जा.’ मशीन काढून टाका असं लोक वहिनींना सांगायला लागले. मलाही तसंच वाटत होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. देवगाव फाट्याचं ते लग्न अजून माझ्याकडं कच्चं पडलं होतं, नवरीच्या बापाचे फोन येत होते. शेवटी वहिनींचाच फोन आला. ‘दत्ताभाऊ, ते लग्न आना हिकडं. मला येतं. रोज मागं उभी ऱ्हाऊन बगितलंय की.’

गेल्या बुधवारी सकाळी गेलो. वहिनींनी बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळा. मला त्याच्या खुर्चीकडं बघवेना म्हणून मी खाटेकडं बघितलं, तर तिथं वाकळ. वहिनी मशीनच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. आतली थरथर त्यांच्या हाताला लागत असणार. पडदा उजळला. ‘चालू हाय,’ त्या म्हणाल्या, आणि हात काढून कामाला बसल्या. मंगलाष्टकांपाशी कॅमेरा हललेला आला तेव्हा त्या थांबल्या, माझ्याकडं बघितलं, आणि तेवढा तुकडा कापून पुढं गेल्या. फिल्म दुपारच्या आत झाली.

मग त्यांनी मशीन बंद केलं, भिंतीतून ती जाड काळी वायर उपसली आणि ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून खुपसली. फोन वाजत होता, कुणाचं तरी लग्न असणार, त्यांनी उचलला नाही. भाकरी फडक्यात बांधल्या आणि खाटेवरची वाकळ खांद्यावर घेतली.

‘चला, सोडता का सोनपेठला,’ त्या म्हणाल्या. ‘मुक्कामाला चाललेय.’